भूकंपानंतरचा सातबारा

मराठवाड्यातली जुनी दगडी भिंत आडवी कापून पाहिली, तर तिथे एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरचा पदर बऱ्यापैकी घडवलेल्या काळ्या दगडाचा, आतला पदर ओबडधोबड दगडांचा, आणि दोघांच्या मधली पोकळी माती, गोटे, कपऱ्या टाकून भरलेली. जाडी दोन-अडीच फूट, कधी त्याहून जास्त. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, तोफेच्या गोळ्यालाही दाद देणार नाही. पण दोन्ही पदर एकमेकांना धरून ठेवायला मधूनमधून एक लांब दगड या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जावा लागतो. जुन्या जाणत्या गवंड्यांना हे पक्के ठाऊक होते. मात्र असा दगड काढायला नि घडवायला मजुरी पडते आणि एकदा भिंत उभी राहिली की तो आत आहे की नाही, हे घरमालकाला कळायला मार्ग नाही. मग तो हळूहळू गळत गेला. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतवण्याचेही तेच झाले.

या भिंतींवर माळवद. तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर फूट-दीड फूट माती. उन्हाळ्यात खाली गारवा, रात्री वर अंथरूण टाकायला ऐसपैस जागा. मराठवाड्याच्या हवेला याहून सोयीचे छप्पर नाही. पावसाळ्याच्या तोंडावर गळती नको म्हणून वरून नवी पांढरी माती पसरायची. जुनी काढायची कटकट फार थोडे लोक करत. आजोबांच्या मातीवर वडिलांची, त्यावर मुलाची. घराचे वय वाढेल तसे डोक्यावरचे ओझे वाढत गेले, आणि ते कुणाच्या लक्षातही आले नाही, कारण माळवद कधी कुरकुरत नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे उशिरा झोपली होती. जगाच्या हिशेबात ६.२ म्हणजे मध्यम भूकंप. जपानमध्ये अशा धक्क्यानंतर लोक फडताळातली भांडी जागेवर लावतात आणि कामाला जातात. इथे किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, तळणी, मंगरूळ, एकोंडी ही गावे जवळजवळ जमीनदोस्त झाली. सरकारी नोंदीत मृत्यूंचा आकडा आठ हजारांच्या घरात आहे; इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. धक्क्याने भिंतीचे दोन पदर सुटले, बाहेरचा गल्लीत आणि आतला झोपलेल्या माणसांवर पडला, आणि मागोमाग पिढ्यांची माती खाली आली. अनेक ठिकाणी लोक दगडाने कमी आणि मातीत गुदमरून जास्त गेले. गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की जे बाहेर धावले त्यांच्यावर समोरच्या घराची भिंत पडली.

सगळे बेसावध होते असे मात्र म्हणता येत नाही. १९९२च्या ऑगस्टपासून किल्लारीत लहान धक्के जाणवत होते. त्या ऑक्टोबरात एक तर चार तीव्रतेचा झाला. काही कुटुंबे घाबरून गाव सोडून गेली, अनेकांनी रात्री बाहेर काढल्या, निवेदने दिली गेली. पुढे धक्के मंदावले आणि लोक घरात परतले. सरकारी भूकंप-नकाशा घाबरलेल्यांच्या बाजूने नव्हता. दख्खनचे पठार म्हणजे अभंग कातळ असे मानून हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात टाकलेला होता. खरे तर या समजुतीला कोयनेने १९६७ सालीच तडा दिला होता. तरी तिथे धरण होते, सगळा दोष जलाशयावर टाकून पठाराची अब्रू वाचवता आली. किल्लारीजवळही निम्न तेरणा प्रकल्पाचे पाणी होते, त्यामुळे तोच वाद इथेही रंगला. मात्र कोयनेसारखा सरळ संबंध इथे जोडता आला नाही. २००२ साली देशाचा नकाशा सुधारला गेला तेव्हा पहिला पट्टा रद्दच झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. ठाणे, कल्याण, मुंबई याच तिसऱ्या पट्ट्यात आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याशी काम आहे.

मदतकार्याबद्दल मी फार लिहिणार नाही. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी तिथे पोहोचले, लष्कर आले, राज्यभरातून ट्रकच्या ट्रक धान्य, कपडे, भांडी आली. इतकी आली की जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यांतल्या अनेकांनी पुढे चांगले नाव काढले. मदतीच्या दिवसांत महाराष्ट्र उत्तम वागतो. अडचण त्यानंतर सुरू होते, जेव्हा वार्ताहर परत जातात आणि तलाठी येतो.

पहिला प्रश्न होता, गाव पुन्हा कुठे वसवायचे? राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून ‘महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम’ हाती घेतला आणि गावांची प्रतवारी केली. पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी हलवायची. २२ गावे आहे त्याच जागी नव्याने बांधायची. आणि उरलेल्या गावांतली, तेरा जिल्ह्यांत पसरलेली, तडे गेलेली घरे दुरुस्त करून मजबूत करायची. स्थलांतराचा आग्रह फक्त सरकारचा होता असे आज कुणी सांगत असेल तर ते अर्धसत्य आहे. ज्या ढिगाऱ्याखालून आपले माणूस काढले त्यावर पुन्हा चूल मांडायची कुणाची छाती होत नव्हती. जमीनच फिरली, आता ही जागा नको, असे गावेच्या गावे म्हणत होती. भूगर्भतज्ज्ञांचे म्हणणे वेगळे होते. दोन-तीन किलोमीटर सरकल्याने भूकंपापासून सुटका होत नाही. घर कसे बांधले यावर जीव अवलंबून असतो, गावठाण कुठे आहे यावर नव्हे. पण शोकात असलेल्या माणसाला भिंतीचा छेद काढून दाखवता येत नाही.

दुसरा प्रश्न, कुणाला केवढे घर? उत्तर शेतीच्या उताऱ्यात शोधले गेले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि सात हेक्टरांच्या वर असलेल्यांना ७५०. यामागचा युक्तिवाद असा की ज्याची शेती मोठी त्याची अवजारे, बैल, धान्य जास्त, त्याला जागा जास्त लागणार. हिशेब कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात भूकंपाने एका रात्रीत पाटलाची गढी आणि मजुराचे खोपट सारखे केले होते, ते सातबाऱ्याने पुन्हा चढत्या क्रमाने लावून दिले. ज्याच्या घरात सात माणसे आणि अर्धा एकर, त्याला २५० चौरस फूट. सामाईक खात्यावर चार भावांची नावे असतील तर त्यांना घरे किती, यावरून भाऊबंदकी झाली. वाटणी तोंडी झालेली, फेरफार झालेला नाही, अशी प्रकरणे मराठवाड्यात घरोघरी. विधवा सुनेचे नाव उताऱ्यावर चढलेले नसणे ही तर नेहमीचीच गोष्ट. ज्या कागदांकडे वर्षानुवर्षे कुणी पाहिले नव्हते त्यांनी माणसांचे पुढचे आयुष्य ठरवले.

या प्रकरणात मला सांगायचे आहे ते हेच. भूकंप भिंती पाडतो. त्या परत उभ्या राहतात त्या मात्र कागदाच्या रेषेवरून. कागद कसा होता, कुणाच्या नावावर होता आणि कुणाचा मुळात नव्हताच, यावर पुनर्बांधणीचा निकाल बराचसा आधीच लागलेला असतो.

नवी गावे बांधली कंत्राटदारांनी आणि देणगीदार संस्थांनी. सत्तावीस-अठ्ठावीस हजार घरे तीन-चार वर्षांत उभी राहिली. तोवर लोक पत्र्याच्या शेडमध्ये होते. मराठवाड्याचा एप्रिल पत्र्याखाली काढणे म्हणजे काय, ते काढलेल्यालाच माहीत. ही गती भारतातल्या कोणत्याही पुनर्वसनाच्या तुलनेत कौतुकास्पद आहे. कोयना धरणाच्या विस्थापितांना आजही मोर्चे काढावे लागतात, हे आठवले की कौतुक दुप्पट होते. घरे भूकंपाला टिकतील अशी होती, यातही शंका नाही.

मात्र नकाशा काढणाऱ्याने गाव पाहिलेले नव्हते. पट्टीने आखलेले सरळ, रुंद रस्ते, काटकोनात चौक, एका मापाची घरे, घराघरांत अंतर. जुन्या गावात गल्लीच्या तोंडाशी पार, पारावर म्हातारी माणसे, गल्लीत भावकी, दाराशी ओटा, मागे गुरांचा गोठा आणि कडब्याची गंजी. नव्या आराखड्यात ओटा नाही, गोठा नाही. गुरे बांधायला जागा नसल्याने कुणी ती विकली, कुणी घरासमोर पत्रे ठोकले. गाव पूर्वीच्या कितीतरी पट जागेवर पसरले, म्हणजे पाण्याची वाहिनी तेवढी लांब, दिव्याचे खांब तेवढे जास्त, रस्त्यांची देखभाल तेवढी महाग, आणि हे सगळे त्याच ग्रामपंचायतीच्या तिजोरीतून. शेत लांब गेले. नव्या गावासाठी घेतलेली जमीनही कुणाच्या तरी पिकाखालची होती, तिचे भांडण वेगळे. संवर्धन वास्तुविशारद रोहित जिज्ञासू यांनी या गावांचा पुढे बारकाईने अभ्यास केला. लोकांनी नव्या घरांभोवती आपल्या हाताने वाढवलेल्या खोल्या, जुन्या गावातून आणलेले दगड आणि लाकूड, ते रचताना परत झालेल्या जुन्याच चुका त्यात नोंदलेल्या आहेत. भूकंपरोधक घराला चिकटून मातीत रचलेली दगडी भिंत, असे दृश्य तिथे पाहायला मिळते. पाहुण्याला ते हास्यास्पद वाटेल. घरात सून आली, खोली हवी, सिमेंटला पैसे नाहीत, दगड जुन्या गावात फुकट पडलाय. यात हसण्यासारखे काही नाही.

माझ्या मते किल्लारीचे खरे काम नव्या गावांत झालेच नाही. ते झाले तिसऱ्या प्रकारात, ज्याचे उद्घाटन करायला कुणी मंत्री येत नाही. जवळपास एक लाख नव्वद हजार घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. नुकसानीनुसार घरटी १७ हजार किंवा ३४ हजार रुपये, हप्त्याहप्त्याने. काम घरमालकाने स्वतः करून घ्यायचे, कंत्राटदार नाही. तंत्र मुख्यतः रुरकीचे भूकंप-अभियंता आनंद स्वरूप आर्य यांच्या सूचनांवर आधारलेले होते आणि ते इतके साधे आहे की इथे सांगतोच.

भिंतीत साधारण मीटर-मीटर अंतरावर, वर-खाली आणि आडवे, खुणा करायच्या. प्रत्येक खुणेशी एक दगड हलक्या हाताने हलवून, फिरवून मोकळा करायचा; हातोडा मारायचा नाही, नाहीतर शेजारचे दगड सुटतात. मग आतली माती खरवडत पलीकडच्या तोंडापर्यंत मूठभर रुंदीचे भोक पाडायचे. त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली लोखंडी सळई ठेवायची आणि काँक्रीट ठासायचे. झाला आरपार दगड. पूर्वजांनी जो मजुरीपायी गाळला होता तो असा पुन्हा बसवायचा. कोपऱ्यांना जाळी आणि सिमेंटचा पट्टा, दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीत घराभोवती कंबरपट्ट्यासारखी पट्टी, खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरप्या लाकडाचा आधार. आणि सर्वांत आधी माळवदावरची जादा माती उतरवायची. एवढ्याने जुने घर पुढच्या धक्क्यात पडत नाही. तडकते, पण आतल्या माणसाला बाहेर पडायला वेळ देते.

हे घरोघरी पटवायचे कोणी? इथे प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने सुचवलेला उपाय कामी आला. बाराशेहून अधिक गावांत तिथल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले. ज्यांनी तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती त्या सिमेंटच्या गोण्या मोजू लागल्या, कनिष्ठ अभियंत्याला ‘साहेब, ही सळई कमी जाडीची वाटते’ म्हणून अडवू लागल्या, हप्ता कुठे अडकला ते पंचायत समितीत जाऊन विचारू लागल्या. पुढे त्यांचेच बचत गट झाले, आणि २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा यांतल्या काही जणी तिकडच्या बायकांना हे सगळे सांगायला गेल्या. मोडक्यातोडक्या हिंदीत उमरग्याची बाई कच्छच्या बाईला सळईचे माप सांगते आहे, हा आपल्या आपत्ती व्यवस्थापनाचा सर्वांत उजळ भाग आहे असे मला वाटते.

तरीही एक कटू गोष्ट सांगायला हवी. पुष्कळांनी ते पैसे जुने घर बळकट करायला वापरलेच नाहीत. अंगणात दहा बाय बाराची विटा-सिमेंटची नवी खोली बांधली, आणि झोपायला जुन्याच माळवदाखाली गेले, कारण ते गार. नव्या खोलीत धान्याची पोती. दगडाची भीती इतकी बसली होती की दगडी घर दुरुस्त होऊ शकते यावर विश्वासच बसेना. मात्र उन्हाळ्यात भीतीपेक्षा उकाडा मोठा ठरला.

किल्लारी हे गाव होते. अख्खे ऐतिहासिक शहर कोसळते तेव्हा हाच प्रश्न किती गुंतागुंतीचा होतो, ते भुजने दाखवले. १५४९ पासून कच्छच्या राजधानीचे हे शहर. हमीरसर तलाव, आईना महाल, प्राग महाल, कोटाच्या आत वाकड्यातिकड्या शेऱ्या आणि दाटीची घरे. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास, शाळांत झेंडावंदन चालू असताना, ७.७ तीव्रतेच्या भूकंपाने कोटाच्या आतला बहुतेक भाग झोपवला. तिथेही पहिली मागणी स्थलांतराचीच होती. पण शहर उचलून नेता येत नाही. दुकान, देऊळ, सराफा, दर्गा आणि गिऱ्हाईक एकमेकांना बांधलेले असतात. अखेर मधला मार्ग निघाला. ज्यांना जायचे त्यांच्यासाठी शहराबाहेर चार नव्या वसाहती, आणि कोटाच्या आत जुन्याच जागी, पण रस्ते रुंद करून, नवी आखणी.

रस्ते रुंद करायचे तर जमीन हवी, ती आणायची कुठून? तिथे जे हत्यार वापरले ते मूळचे आपलेच, मुंबई इलाख्याचे. १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यातली ‘नगररचना योजना’. सगळ्यांचे भूखंड कागदावर एकत्र करायचे, प्रत्येकाच्या भूखंडातून थोडी कपात करून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, आणि उरलेले भूखंड सरळ करून ज्याचे त्याला परत द्यायचे. सरकार जमीन विकत घेत नाही आणि मालक बेघर होत नाही. भुजमध्ये अगदी लहान भूखंडांना हात लावला नाही, मोठ्यांची कपात चढत्या प्रमाणात केली. किल्लारीच्या सातबाऱ्याच्या नेमके उलट. नकाशे चौकात लावले, हरकती ऐकल्या, घरोघरी मोजणी केली. दोन वर्षे लोकांना बांधू दिले नाही म्हणून शिव्याही खाल्ल्या. भाडेकरूंचे हाल झाले, कारण कपातीच्या कागदावर नाव मालकाचे होते. अनेक जुनी घराणी कोटाबाहेर गेली ती परतली नाहीत. तरी भुज भुजच्याच जागी राहिले, आणि आता दुसऱ्या भूकंपात रुग्णवाहिका आत शिरू शकेल एवढे रस्ते तिथे आहेत.

गंमत म्हणजे ही युक्ती त्याहून जुनी आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप, आग आणि समुद्राच्या लाटांनी लिस्बन उद्ध्वस्त झाले, तेव्हा पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने पुनर्बांधणीआधी काम केले ते मोजणीचे. कोणाची जागा कुठे आणि केवढी होती याची नोंदवही तयार होईपर्यंत बांधकामाला बंदी. ऐंशीच्या घरातला अभियंता मानुएल द माइया याने राजापुढे अनेक पर्याय मांडले: होते तसे बांधा, रस्ते रुंद करून बांधा, सगळे साफ करून नव्याने आखा, किंवा शहरच दुसरीकडे न्या. निवड झाली त्याच जागी नव्या आखणीची. मालकांना नव्या आखणीत जागा वाटून देण्याचा कायदा झाला, आणि घरांच्या भिंतींत तिरप्या लाकडांचा पिंजरा सक्तीचा केला, जो हादऱ्याला लवचीकपणे तोंड देतो. किल्लारीच्या माळवदाखाली बसवलेला तिरपा आधार आणि लिस्बनचा पिंजरा यांत तत्त्व एकच.

महाराष्ट्राने मात्र ही नगररचना योजना घरात असून बाजूला ठेवली. गुजरात ती वापरून अहमदाबाद वाढवत राहिला. आपण विकास आराखडे काढले, आरक्षणे टाकली, आणि आरक्षित जागांवर चाळी उभ्या राहताना पाहत बसलो. अलीकडे पनवेलजवळ, नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात सिडकोने ती पुन्हा बाहेर काढली आहे. शेतकऱ्यांचा विरोध आहे, कामे रेंगाळली आहेत, पण दिशा बरोबर आहे.

नैनापासून फार दूर नसलेले दिवा या हिशेबात कुठे बसते? ठाणे महापालिकेच्या हद्दीत, मध्य रेल्वेच्या फाट्यावर, खाडीच्या कडेला. पनवेल-रोह्याकडे आणि वसईकडे जाणारे रूळ इथूनच फुटतात, कोकणात जाणारी सावंतवाडी गाडी इथून सुटते. मुंबईत परवडत नाही तो इथे येतो. त्यात कोकणातले आहेत तसे लातूर, धाराशिवचेही आहेत. सरकारी नोकरभरतीच्या अर्जात ‘भूकंपग्रस्त’ या रकान्यावर खूण करणारी मुले याच लोकलने जातात. गेल्या काही दशकांत भातखाचरे आणि खारजमीन भरून इथे चाळी आणि पाच-सात मजली इमारती उठल्या. त्यांतल्या कितींना परवानगी होती, हे दिवेकरांना मी सांगायची गरज नाही.

या पट्ट्याला मोठ्या भूकंपाचा ताजा अनुभव नाही. २०१८च्या नोव्हेंबरपासून शेजारच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे लहान धक्क्यांची मालिका चालली, लोक थंडीत तंबूत झोपले. कोयनेचा हादरा १९६७ साली मुंबईपर्यंत जाणवला होता. आपण तिसऱ्या पट्ट्यात आहोत, म्हणजे मध्यम धक्का येऊ शकतो असे गृहीत धरूनच इमारत बांधली पाहिजे. खाडीकाठची भरावाची, चिखलाची जमीन हादरा वाढवते. मेक्सिको सिटीत १९८५ साली शेकडो किलोमीटरवरच्या भूकंपाने इमारती पडल्या त्या जुन्या तळ्याच्या गाळावरच्या. इमारतीला मात्र भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी दिव्याजवळच शिळफाटा भागात लकी कंपाउंडमधली काही महिन्यांत उभी केलेली बेकायदा इमारत आपली आपण कोसळली आणि ७४ माणसे गेली. जमीन तसूभरही हलली नव्हती.

आता किल्लारीचा धडा इथे लावून पाहा. तिथे निदान सातबारा होता. भुजला मिळकतपत्रिका होती. दिव्यातल्या पुष्कळ खोल्या नोटरीच्या करारावर घेतलेल्या आहेत. हातात वीजबिल असते आणि मालमत्ताकराची पावती असते. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, हेही अनेकांना ठाऊक असते. इमारतीखालची जमीन आजही मूळ शेतकऱ्याच्या किंवा विकासकाच्या नावावर, काही ठिकाणी सरकारी. कल्याण-डोंबिवलीत तर बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती निघाल्या, आणि २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. त्यांत राहणाऱ्यांनी बँकेचे कर्ज काढून, मुद्रांक शुल्क भरून घरे घेतली होती. अशा इमारतीला उद्या भूकंपाने पाडले, तर पुनर्बांधणी कुणाच्या नावाने होणार? जमीनमालक येईल, विकासकाचे वारस येतील, आणि चौथ्या मजल्यावरचा माणूस किल्लारीच्या त्या विधवा सुनेसारखा कागदाच्या बाहेर उभा राहील.

सामूहिक पुनर्विकासाच्या योजनांनी हे सुटेल असे ठाण्यात वर्षानुवर्षे सांगितले जाते. सुटलेही काही ठिकाणी. पण त्या योजनेतही पात्र-अपात्र ठरते ते कागदावरूनच, आणि भूकंप योजनेच्या मंजुरीसाठी थांबत नाही.

म्हणून दिवा, कळवा, मुंब्रा, डोंबिवलीत राहणाऱ्या वाचकाला एवढेच सांगणे आहे. तुमच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, संस्था नोंदलेली आहे का, जमिनीचे अभिहस्तांतरण होऊन ती संस्थेच्या नावावर झाली आहे का, हे येत्या सर्वसाधारण सभेत विचारा. विकासक दाद देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. सहनिवासातल्या वकिलाला किंवा निवृत्त कारकुनाला हाताशी धरा, कामे होतात. घर पत्नीच्याही नावावर करून घ्या. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करून घ्यायचे असते. अहवालात तळमजल्यावरच्या दुकानांसाठी काढलेल्या भिंती आणि गच्चीवर वाढवलेल्या खोल्या यांचा उल्लेख आहे की नाही, तेवढे नीट वाचा.